अंबडमधलं डेंजर पाट्यांचं दुकान: काम एक नंबर, पण घाईत असाल तर जाऊ नका

आमचं नाशिकच्या अंबडला इलेक्ट्रिक पॅनेलचं छोटं युनिट आहे आणि पॅनेल बाहेर पाठवायचं म्हटलं की डेंजरची पाटी लागतेच, २५० व्होल्टच्या वर गेलं की कवटी आणि हाडंवाली, हिंदी किंवा इंग्रजी अधिक त्या जिल्ह्याची भाषा, तसा नियमच आहे. आता माल जातो हुबळी, कोइमतूर, विजयवाडा, म्हणजे भाषा पण तेवढ्याच. आधीच्या प्रिंटरने एकदा मराठीवरून हिंदी पाटी स्वतःच्या मनाने केली आणि छापलं 'धोखा ४४० व्होल्ट'. इंदूरच्या पार्टीचा फोन, भाईसाब धोखा किसने दिया? हिंदीत धोखा म्हणजे फसवणूक, आपल्या धोक्याला तिकडे खतरा लिहितात. सगळा लॉट बदलून द्यावा लागला.

मग कोणीतरी या काकांचं दुकान सांगितलं. दुकान म्हणजे गाळाच आहे, बसायला एक स्टूल, त्यावर पण पत्र्याचे तुकडे. पण काका प्रूफ असं वाचतात ना की बास. खतरा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला, हे त्यांच्याकडूनच कळलं. कन्नडला अपाय आणि तमिळला अपायम लागतं म्हणाले, मी म्हटलं काका अपाय तर तब्येतीला होतो, तर म्हणे शब्द तोच, संस्कृतचा, तिकडे तो पाटीवर चढला आपल्याकडे औषधाच्या बाटलीवर राहिला. तेलुगूत प्रमादम. आपल्याकडे प्रमाद म्हणजे चूक, तिकडे धोका आणि अपघात पण. म्हणजे ओळखीचा शब्द दिसला म्हणून मराठी डोकं लावून दुसऱ्या भाषेची पाटी ओके करायला गेलात की मेलात.

डेंजरचं तर अजून भारी आहे. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि मुळाशी लॅटिन डोमिनस, म्हणजे धनी, मालक. पूर्वी इंग्रजीत कोणाच्या डेंजरमध्ये असणं म्हणजे त्याच्या तावडीत असणं. आमच्या शेठला सांगितलं नाहीये अजून.

सावधानची पाटी मात्र त्यांनी पॅनेलवर लावू दिली नाही, आणि ते मला पटलं. सावधान म्हणजे स-अवधान, लक्ष ठेवून राहा एवढंच, आमच्या जुन्या जर्मन मशीनवर 'आख्टुंग' लिहिलंय त्याचाही अर्थ तोच, लक्ष द्या. ओल्या फरशीला, गेटला ठीक आहे, ४४० व्होल्टला सरळ धोका लिहा. (तसं नाशिककराला सावधानची ताकद काय सांगायची, शुभमंगल सावधान ऐकून बोहल्यावरून पळालेले समर्थ तपाला आपल्या टाकळीलाच आले असं सांगतात.)

आता मालाबद्दल. इनॅमलची पाटी घ्या, पांढऱ्यावर लाल, उन्हापावसात रंग जात नाही, आमच्या शेडबाहेरची अजून नवी वाटते. व्हिनाइल स्टिकर घेऊ नका, पॅनेल गरम झालं की कोपरे सुटतात, हे काका स्वतःच सांगतात तरी विकतात, एक स्टार त्याचाच कापला. दर थोडा जास्त आहे, घासाघीस चालत नाही. जीएसटी बिल मिळतं. आणि फोन उचलत नाहीत, काकांना बोलायला आवडतं पण समोर बसलेल्याशीच, तुमच्या पुढे गिऱ्हाईक असेल तर चहा पिऊन या.

शनिवारी बंद. तमिळ, तेलुगू पाटी हवी असेल तर आठवडाभर आधी मजकूर द्या, ती भाषा घरी बोलणाऱ्या कोणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय ते मशीनला लावत नाहीत, कितीही अर्जंट म्हणा.