लाट की भरती-ओहोटी: वाळूच्या प्रयोगासाठी काय घ्यावं?

सोलापूरच्या शाळेत शिकणारी माझी भाची विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीत एका प्रश्नावर अडली आहे: किनाऱ्याच्या वाळूतून विरघळलेले पदार्थ कसे फिरतात, हे लाटेने दाखवू की भरतीने?

वेळ पाहिला तर लाट सोयीची. काही सेकंदांनी येते, ऑक्सिजन घेऊन वाळूत मुरते, पण बहुतेक वरच्या थरातच. कोकणात भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते. तेव्हा खारं पाणी वरच्या वाळूत शिरतं, ओहोटीला खालच्या उतारावर पाझरतं आणि जमिनीकडून आलेलं नायट्रेटही (पाण्यात विरघळणारा नायट्रोजनचा क्षार) समुद्रात नेतं. मला हेच जास्त मोलाचं वाटतं.

खर्च सारखाच: काचेची पेटी, चाळलेली वाळू, विरघळलेल्या पदार्थांच्या जागी खायचा रंग. मेहनत भरतीला जास्त, पातळी हळूहळू बदलावी लागते.

परीक्षकांपुढे झटपट दाखवायचं तर फळी हलवून लाट करावी. रंग किती खोल जातो ते मोजायचं असेल, तर भरतीच घ्यावी.