तोलेदो की सेगोव्हिया?

पोरं शिकायला पार माद्रिदला पोचली, त्यांच्या मागं दर्यापूर-अंजनगावची आईबाबा मंडळीही. हाताशी एकच दिवस असेल तर कोणतं गाव पाहावं?

तोलेदो रेल्वेनं अर्ध्या तासावर. ताहो नदीनं तीन बाजूंनी वेढलेली टेकडी, वेशी, अरुंद गल्ल्या. अचलपूर पाहिलेल्याला ओळखीचं वाटेल. पण चढ दम काढतो, अन् जुलैतलं ऊन थेट अकोल्याचं.

सेगोव्हियाची वेगवान गाडीही साधारण तेवढाच वेळ घेते, फक्त स्टेशन गावाबाहेर. पुढं सिटीबस धरा. मग समोर तो रोमन जलसेतू! 28 मीटर उंच, ग्रॅनाइटचे दगड नुसते एकमेकांवर रचलेले, चुना-गारा काहीच नाही. विहिरी बांधणारा आपला गवंडी तिथून हलणार नाही, राजेहो. गाव सुमारे हजार मीटर उंचीवर, म्हणून हवाही बरी.

खाण्यात मात्र तिथं भाजलेल्या डुकराच्या पिल्लाचं कौतुक. माळकऱ्यांनी पोळी-ठेचा बांधूनच न्यावा. तोलेदोत बदाम-साखरेचं मार्झिपान मिळतं. वरून अंड्याचा हात फिरवलाय का, तेवढं विचारा.

उन्हाळ्यात मी सेगोव्हियालाच पाठवीन. तोलेदो दिवाळीनंतर, तेही गुडघे धड असतील तर.