बोटावरचा ऑक्सिमीटर: पॅनिक अटॅकमध्ये एकदाच लावा

कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर अजून बऱ्याच घरांत औषधांच्या डब्यात पडून आहे. कडाक्याचं भांडण झालं, जवळचं कुणी गेलं आणि एखाद्याची छाती धडधडायला लागली, 'श्वासच पुरत नाही' म्हणू लागला, की हात त्याच डब्याकडे जातो. या कामाला हे यंत्र कसं? एका मोजणीपुरतं चांगलं. तिसऱ्या मोजणीपासून तापदायक.

पॅनिक अटॅकमध्ये, म्हणजे अचानक उसळलेल्या तीव्र भीतीच्या झटक्यात, ऑक्सिजन कमी पडलेला नसतोच. माणूस भराभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. चक्कर, ओठांभोवती मुंग्या, बोटं आखडणं हे त्यातूनच. म्हणून यंत्रावर बहुधा ऑक्सिजन ९७-९९ टक्के आणि नाडी ११०-१३० अशी दिसते. गुदमरतोय असं वाटणाऱ्याला तो ९८ आकडा बऱ्यापैकी धीर देतो.

गोम अशी, की घाबरल्यावर बोटं गार पडतात. गार बोटात रक्त कमी फिरतं, यंत्राला नाडी सापडत नाही आणि ते ८८ किंवा नुसत्या रेघा दाखवतं. झालं, घाबरलेला आणखी घाबरतो! म्हणून आधी तळहात चोळून गरम करा, नेलपॉलिश काढा. मधलं बोट, नख वर, हात मांडीवर स्थिर. पहिला आकडा सोडून द्या. नाडीची पट्टी एकसारखी उडायला लागली की अर्ध्या-एक मिनिटाने वाचा आणि यंत्र डब्यात ठेवून द्या. मग नाकाने चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाचेक मिनिटं. तोंडावर कागदी पिशवी धरायचा जुना उपाय नको. दमा किंवा हृदयविकार असेल तर तो जिवावर बेतू शकतो. लाट साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचते, मग ओसरते.

दर दोन मिनिटांनी बोट घालून बघायची सवय लागली, की यंत्राशिवाय बाहेर पडायची भीती वाटू लागते. इथे ऑक्सिमीटर आजाराच्याच बाजूने काम करतो.

आणि ९८ म्हणजे हृदय ठीक, असं नव्हे. हार्ट अटॅकमध्येही हा आकडा उत्तम असू शकतो. छातीत दाब, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, शुद्ध हरपणं यांपैकी काही असेल, किंवा असा त्रास पहिल्यांदाच होत असेल, तर १०८ लावा, ईसीजी काढा. बसल्याजागी नाडी एकदम १५० वर उडून तशीच झटक्यात खाली येत असेल, तरी ईसीजी हवाच. तो हृदयाच्या लयीचा दोष असू शकतो. गरम बोटावरही आकडा ९४ च्या खाली टिकला, तर डॉक्टर गाठा.

पॅनिक अटॅक वारंवार येत असतील तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा १४४१६ वर चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं.

फक्त यासाठी नवा ऑक्सिमीटर आणू नका. घरात असेल, तर सेल काढून ठेवा. गळले की आतल्या पट्ट्या गंजतात.