सायटिका: फिजिओ करत थांबायचं की ऑपरेशन?

एमआरआयमध्ये एल४-एल५ नाहीतर एल५-एस१ची, म्हणजे कमरेच्या तळाच्या मणक्यांमधली गादी सरकलेली दिसली की घरात लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते मणक्याला हात लावू देऊ नकोस, दुसरी म्हणते एकदाचं करून टाक. पण आधी बघा दुखतंय कुठं. नुसती कंबरच दुखत असेल तर ऑपरेशनच्या फार नादी लागू नका. ते शिरेवरचा दाब काढतं, म्हणजे कुल्ह्यातून पोटरीपर्यंत जाणारी, शिंकलं की चमकणारी सायटिकाची कळ त्याने थांबते, कंबरदुखीची खात्री नाही.

थांबायच्या बाजूने मोठी गोष्ट ही की सरकलेली गादी बऱ्याचदा आपणहून आकसते आणि बहुतेकांचं ६ ते १२ आठवड्यांत बरंच उतरतं. थांबणं म्हणजे पलंग धरणं नव्हे हां, झेपेल तेवढं चालायचं, वाकून भरलेली बादली उचलायची नाही आणि फिजिओने दिलेले व्यायाम करायचे. व्यायाम करताना पायातली कळ वर सरकत कमरेत आली तर कंबर जरा जास्त दुखली तरी घाबरू नका, ते सुधारण्याचंच लक्षण असतं. उलट कळ खाली पावलाकडे पसरायला लागली तर तो व्यायाम बंद करून फिजिओला सांगा.

ऑपरेशनने काय मिळतं तर वेळ. नेदरलँड्समध्ये ६ ते १२ आठवडे जोरात दुखत असलेल्या २८३ जणांवर अभ्यास झाला, २००७ साली छापून आला, लवकर ऑपरेशन केलेले निम्मे लोक ४ आठवड्यांत बरे झाले, थांबलेल्यांना त्यासाठी १२ लागले, पण वर्षाअखेरीस दोन्हीकडे ९५ टक्के बरे. आता थांबलेल्यांतल्या ३९ टक्क्यांनी वर्षभरात शेवटी ऑपरेशन करूनच घेतलं, हेही धरा. म्हणजे रजा मिळतेय, रात्री झोप लागतेय तर थांबा, आणि दोन-तीन महिने होऊनही धड बसता येत नसेल, कामावरच गदा येत असेल तर सर्जनला भेटण्यात काही कमीपणा नाही. इन्फेक्शनचा किंवा तीच गादी परत सरकण्याचा थोडा धोका राहतोच, तो आधी विचारून घ्या.

मणक्यातलं स्टिरॉइडचं इंजेक्शन मधला रस्ता, काही आठवडे आराम पडला तर पडला. मणका बसवून देणाऱ्यांकडे मात्र कृपा करून जाऊ नका.

आणि लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर पडली तर फिजिओ की ऑपरेशन करत बसू नका, त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. पाऊल उचलेना झालं तरी अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.