नवखा घ्यायचा तर कोणत्या जागेचा: रनिंग बॅक, टाइट एंड की रिसीव्हर?

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी कॉलेजातून आलेले खेळाडू पाळीपाळीने निवडणं, एप्रिलअखेर उरकतो आणि मे महिन्यात आमच्या बारा जणांच्या डायनॅस्टी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर गुण मिळणारा फॅन्टसी खेळ, ज्यात खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडेच राहतात) नवख्यांची निवड होते. नव्याने आलेलं कुणी ना कुणी दरवर्षी विचारतंच, ‘पहिली निवड कुणावर खर्च करू?’ वेग, उंची, कॉलेजचे आकडे तुम्ही पाहिलेले असणारच. मी आता त्याआधी वेगळीच गोष्ट बघतो: त्या जागेवर चुकत चुकत शिकायची मुभा असते का?

क्वार्टरबॅकचं, म्हणजे डाव चालवून पास फेकणाऱ्याचं, थोडक्यात सांगतो. अ‍ॅरन रॉजर्स २००५ साली आला आणि तीन मोसम ब्रेट फार्वच्या मागे बसला. पॅट्रिक महोम्सचंही २०१७ साल जवळजवळ सगळं बाकावर गेलं. उलट सी. जे. स्ट्राउडने २०२३ मध्ये पहिल्याच वर्षी पासिंगचे ४,१०८ यार्ड काढले. तिथे माझा काही अंदाज चालत नाही, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, सगळ्यात सोपा वाटतो, आणि चेंडू हातात असेपर्यंत सोपा आहेही. फट दिसली की घुसायचं, हे बरंचसं अंगातच असतं. इझिकिएल एलियट २०१६ मध्ये पहिल्याच वर्षी १,६३१ यार्ड धावला आणि साऱ्या लीगमध्ये अव्वल आला. पण ओहायो स्टेटहून येतानाच त्याला ब्लॉकिंग (क्वार्टरबॅकवर येणाऱ्याला अडवणं) उत्तम येत होतं, हे विसरू नका.

मी घेतला होता त्याला ते येत नव्हतं. एक डाव अजून डोळ्यांसमोर आहे. थर्ड डाउन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा), अजून सात यार्ड हवे होते, हा क्वार्टरबॅकच्या शेजारी उभा. समोरच्या बचावातला मधला लाइनबॅकर दोन पावलं पुढे सरकला, याची नजर त्याच्यावरच खिळली. तो आलाच नाही. दुसऱ्या बाजूने कॉर्नरबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, सुसाट आला आणि क्वार्टरबॅकच्या पाठीवर आदळला. त्यानंतर जवळपास दोन महिने थर्ड डाउन आला की माझा गडी हेल्मेट हातात घेऊन बाहेर उभा दिसायचा. आमच्याकडे प्रत्येक झेलाला एक गुण असतो, आणि बॅकच्या वाट्याचे झेल बरेचसे थर्ड डाउनलाच येतात. दर रविवारी तो पहिल्या दोन डाउनना सुरेख धावायचा आणि नेमका तिसऱ्याला बाहेर जायचा. या एका गोष्टीचा मला इतका त्रास झाला की मी निवडीची पद्धतच बदलली. प्रशिक्षकाचंही बरोबरच होतं म्हणा. त्या चुकीची किंमत क्वार्टरबॅकच्या बरगड्या मोजतात.

टाइट एंडला तर दोन धंदे एकदम शिकायचे असतात. कबड्डीत एकाच पोराने हुकमी चढाईही करायची आणि कोपराही सांभाळायचा, तसं. एका स्नॅपला (डावाच्या सुरुवातीला) हात जमिनीला टेकून सव्वाशे किलोच्या डिफेन्सिव्ह एंडला थोपवायचं, पुढच्याला सेफ्टीला, म्हणजे सर्वांत मागच्या बचावपटूला, चकवून झेल घ्यायचा. कॉलेजात हल्ली यातले बरेच जण लाइनपासून लांब उभे राहूनच खेळलेले असतात, त्यामुळे पहिलं काम जवळजवळ कोरं. ट्रे मॅकब्राइडचे झेल बघा: २०२२ मध्ये २९, मग ८१, मग १११. ब्रॉक बाउर्सने २०२४ मध्ये पहिल्याच वर्षी ११२ झेल घेतले, हे खरं. नवख्यांमध्ये कुठल्याही जागेचा तो विक्रम आहे. पण दर ड्राफ्टला बाउर्स येत नाही.

राहिला रिसीव्हर, पळत जाऊन पास झेलणारा. कामाला तोही सोपा नाही. समोरचा कॉर्नरबॅक सुरुवातीलाच छातीवर हात टाकून अडवतो, आणि पळता पळता कव्हरेज (बचावाची मांडणी) ओळखून वळण बदलावं लागतं. पण तो चुकला तर एक पास फुकट जातो, फार तर इंटरसेप्शन होतं, म्हणजे तो पास समोरचा संघ झेलतो. क्वार्टरबॅक शाबूत राहतो, म्हणून प्रशिक्षक त्याला पुढच्या डावालाही ठेवतो. जस्टिन जेफरसन २०२० मध्ये १,४०० यार्ड, जमार चेस २०२१ मध्ये १,४५५, आणि पुका नाकुआ तर २०२३ मध्ये १७७ वा निवडला जाऊन १,४८६. माझ्याकडचे दोन रिसीव्हर इतके मोठे निघाले नाहीत, पण दोघेही पहिल्या ऑक्टोबरपासून माझ्या संघात दर आठवड्याला खेळले.

तुमच्या लीगमध्ये झेलाला गुण नसतील तर बॅकचं पारडं थोडं वर येईल, आणि बाक मोठा असेल तर टाइट एंडला थांबणंही परवडेल. मी मात्र पहिली निवड रिसीव्हरवरच लावतो. टाइट एंड हवाच असेल तर पुढच्या वर्षी मेमध्ये घ्या, कुणीतरी एका मोसमात कंटाळून सोडलेला. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतल्या निवडीच्या बदल्यात सहज मिळतो.