सुईची भीती असेल तर आधी सांगून टाका (जळगावची लॅब)
मला सुईची लहानपणापासून भीती, मागे एका ठिकाणी टेस्टसाठी रक्त देताना चक्कर आली आणि तिथला माणूस उलट माझ्यावरच चिडला, म्हणून दोन वर्षं टेस्टच टाळली. यावेळी रिंग रोडजवळच्या एका छोट्या लॅबमध्ये गेलो, आत गेल्या गेल्या ताईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी खुर्चीवर न बसवता सरळ बेडवर झोपवलं, म्हणाल्या भाऊ तिकडे भिंतीकडे बघा, दंडाला पट्टा बांधला आणि बारीक बटरफ्लाय सुई (दोन बाजूंना छोटे पंख असलेली) लावली. मुंगी चावल्यासारखं झालं, बस. जांभळ्या अन् राखाडी झाकणाच्या दोन ट्यूब भरल्या, मिनिटभर पण नाही लागलं!! नंतर कापूस दाबून हात सरळ ठेवायला लावला, कोपरात दुमडला तर निळं पडू शकतं, आणि दहा मिनिटं उठू दिलं नाही.

फास्टिंग असलं तरी साधं पाणी पिऊन जा, शीर लवकर सापडते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर पाहिजेच. टेस्टनंतर खायला सोबत दोन केळी ठेवा. सोमवारी गर्दी फार असते, सकाळी लवकर नंबर लावा.