हिरा, हेल्मेट की काचेची सुई? मेंदूची पेशी मोजायची तर काय निवडावं

भाची इथे पुण्यात, विद्यापीठात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. मागच्या महिन्यात एका रविवारी पोह्यांची बशी हातात धरून तिने विचारलं, "मामा, प्रोजेक्टला दोन पर्याय आहेत. एकीकडे हिऱ्यातले क्वांटम सेन्सर, दुसरीकडे डोक्यावर घालायचं ओपीएमचं, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या चुंबकीय सेन्सरांचं हेल्मेट. दोन्हीकडे चुंबकीय क्षेत्रावरून मेंदूचंच मोजमाप. कुठलं घेऊ?" पेशींचे विद्युत-संकेत टिपणाऱ्या यंत्रांची देखभाल-दुरुस्ती हा माझा वीस वर्षांचा धंदा. त्यामुळे माझं उत्तर तिला फारसं आवडलं नाही. म्हटलं, या दोघांची आपसात तुलना नंतर कर, आधी दोघांनाही जुन्या काचेच्या सुईशेजारी उभं कर.

ही सुई म्हणजे पॅच क्लॅम्प. काचेची बारीक नळी, टोक साधारण एक मायक्रोमीटरचं, आत खारं द्रावण आणि चांदीची तार. मायक्रोस्कोपखाली बघत ती पेशीपर्यंत खाली आणायची. टोक टेकलं की जोडलेल्या रबरी नळीतून हलकासा श्वास ओढायचा. हो, बऱ्याच प्रयोगशाळांत हे काम अजून तोंडानेच चालतं. मॉनिटरवरचा चौकोनी पल्स एकदम सपाट होतो, रोध गिगाओहमच्या पुढे जातो आणि कुणीतरी पुटपुटतं, "सील लागलं," म्हणजे काच पेशीला घट्ट चिकटली. आणखी एक झटका दिला की पेशीचा पडदा फुटतो आणि समोर उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपासचा आकडा येतो. पेशी पेटली की तो आकडा मिलिसेकंदभर १०० मिलिव्होल्टने उसळतो. एर्विन नेहर आणि बर्ट झाकमान यांनी हे तंत्र १९७६ मध्ये मांडलं आणि १९९१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एका पेशीचं खरं व्होल्टेज हवं असेल तर याला तोड नाही. खोट एवढीच, की पेशीला भोक पडतं, तास-दोन तासांत ती मान टाकते आणि शेजारच्या शंभर पेशी काय करताहेत ते सुईला कळत नाही.

मग चुंबकीय मोजमापाचा मोह कशासाठी? पेशीत प्रवाह वाहिला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते हाडा-मांसातून जवळपास जसंच्या तसं बाहेर येतं. ईईजीत टाळूवर मोजतात ते व्होल्टेज कवटीतून येताना पसरतं, फिसकटतं. चुंबकीय संकेताचं तसं होत नाही, शिवाय काही टोचावंही लागत नाही. अडचण ताकदीची आहे. डोक्याबाहेर मिळणारं मेंदूचं क्षेत्र साधारण १०० फेम्टोटेस्ला. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या घरात, म्हणजे सुमारे ४० कोटी पट. ढोल-ताशाच्या पथकात उभं राहून मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकायची, तसा हा प्रकार.

ही टिकटिक पहिल्यांदा नीट ऐकली ती स्क्विड नावाच्या अतिसंवाहक सेन्सरने, १९७२ मध्ये, डेव्हिड कोहेन यांनी एमआयटीत. स्क्विडही क्वांटमच, पण उणे २६९ अंशांवरच्या द्रव हेलियममध्ये बुडवलेला. त्यामुळे सेन्सर आणि डोकं यांच्यात दोन-तीन सेंटिमीटरची भिंत येते, हेल्मेट एकाच मापाचं आणि माणसाने हलायचं नाही. लहान मुलाला असं बसवून दाखवा बरं! हेलियमही आपण आयातच करतो. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये असं यंत्र आहे, पण एखाद्या विभागाने ते नव्याने घ्यायचा विचार मी तरी मनातून काढून टाकेन.

ओपीएमने ही भिंत पाडली. काचेच्या छोट्या कुपीत रुबिडियमची वाफ, तापमान दीडशे अंशांच्या आसपास, त्यातून ७९५ नॅनोमीटरचा लेझर. अणू एका दिशेला रांगेत उभे केले की वाफ प्रकाशाला पारदर्शक होते. बारीकसं क्षेत्र आलं की रांग ढळते आणि पलीकडे पोहोचणारा प्रकाश कमी होतो. आत एवढं तापलेलं असूनही सेन्सर टाळूपासून काही मिलिमीटरवर बसवता येतो. २०१८ मध्ये नॉटिंगहॅम आणि लंडनच्या गटांनी असे सेन्सर डोक्यावर चढवून, माणूस मान हलवत असताना, चहा पीत असताना मेंदूची मोजणी करून दाखवली. अपस्माराची मुलं, अस्वस्थ रुग्ण यांच्यासाठी हे मोठंच काम आहे.

पण भाचीच्या प्रश्नातला "पेशी" हा शब्द इथे निसटतो. डोक्याबाहेर संकेत यायला हजारो पेशींनी एकाच वेळी, एकाच दिशेने प्रवाह वाहवावा लागतो. तोही बहुतांश पेशी-पेशींमधल्या जोडांवरचा संथ प्रवाह. एकेका पेशीची मिलिसेकंदाची ठिणगी त्यात दिसत नाही. नेहमीच्या ओपीएमची धाव दीडशे हर्ट्झच्या आसपास संपते, ठिणगीला किलोहर्ट्झ लागतात. ओपीएमला गर्दीचा गजर ऐकू येतो, कोण काय म्हणालं ते नाही.

पेशीच्या जवळ जायचं तर हिरा. लक्ष्मी रोडवरचा सराफ ज्या दोषासाठी भाव पाडेल, नेमका तोच दोष इथे पैसे देऊन मागवायचा. कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू आणि त्याला खेटून एक रिकामी जागा. यालाच एनव्ही केंद्र म्हणतात. एका मित्राच्या टेबलावर मी हे पाहिलंय. हिऱ्याच्या चकतीवर हिरवा लेझर टाकला, गॉगल लावला की ती निखाऱ्यासारखी लाल दिसते. मायक्रोवेव्हची वारंवारता फिरवत नेली की २.८७ गिगाहर्ट्झला तो लाल प्रकाश टक्का-दीड टक्का मंदावतो आणि आलेखात एक खळगा पडतो. मित्राने छोटं लोहचुंबक चिमटीत धरून जवळ आणलं आणि एका खळग्याचे दोन झाले. चुंबक पुढे आलं की ते लांब सरकायचे, मागे नेलं की जवळ. सगळं खोलीच्या तापमानाला, हेलियम नाही, निर्वात टाकी नाही. मी मान्य करतो, माझा जीव त्यावर जडला.

आता त्याची दुसरी बाजू. २०१६ मध्ये अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ रोनाल्ड वॉल्सवर्थ यांच्या गटाने हिऱ्याने एकट्या चेतापेशीची ठिणगी टिपली खरी, पण ती समुद्री किड्याची आणि माकूळची. त्यांचे अक्षतंतू, म्हणजे संकेत वाहणारे पेशीचे लांब धागे, राक्षसी जाडीचे, मिलिमीटरच्या दशांशांत मोजायचे. आपल्या मेंदूतले मायक्रोमीटरच्या घरातले. त्या हिऱ्याची संवेदनक्षमता साधारण १५ पिकोटेस्ला होती, म्हणजे ओपीएमपेक्षा हजारपट भोंगळ. हिरा ही कसर जवळ जाऊन भरून काढतो, कारण तो पेशीपासून काही मायक्रोमीटरवर बसू शकतो. पुढे डेन्मार्कमधल्या गटाने उंदराच्या मेंदूच्या कापातून संकेत मिळवले, पण तेही अनेक पेशींचे मिळून आणि पुष्कळदा मोजून सरासरी काढल्यावर. सस्तन प्राण्याच्या एकट्या पेशीची एकच ठिणगी, सुईशिवाय, सरासरीशिवाय, हे अजून स्वप्नच आहे.

त्यात तापमानाचा जाच. एक अंश वाढला की तो खळगा सुमारे ७४ किलोहर्ट्झ सरकतो, एक नॅनोटेस्लाने मात्र फक्त २८ हर्ट्झ. म्हणजे हिरा अंशाच्या हजाराव्या भागाने गरम झाला तरी अडीच नॅनोटेस्लाचं भूत उभं राहतं. दोन्ही खळगे एकदम मोजून ते उतरवता येतं, पण कष्ट आहेत. शिवाय लेझर आणि मायक्रोवेव्ह दोन्ही पेशीला भाजू शकतात.

पुण्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण माहितीपत्रकांत ती नसते. ओपीएमला जवळपास शून्य क्षेत्राची खोली लागते, चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या म्यू-मेटलच्या भिंतींची. दहा मीटरवरून गेलेली चारचाकीसुद्धा नॅनोटेस्लांत धक्का देते. हिंजवडी ते शिवाजीनगर ही मेट्रोची तिसरी मार्गिका विद्यापीठ चौकातूनच जाते, आणि ती ७५० व्होल्ट डीसीच्या तिसऱ्या रुळावर. बाकीच्या दोन मार्गिका एसीवर आहेत. त्यांची ५० हर्ट्झची गुणगुण गाळता येते. डीसीचे हेलकावे मात्र संथ, ज्या पट्ट्यात मेंदू बोलतो त्याच्या आसपासच. ही कटकट नवी नाही. मुंबईत ट्राम विजेवर येणार म्हणताच कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवावी लागली होती. हिऱ्याला याचा त्रास कमी. शेजारी दुसरा हिरा ठेवून दूरचा गोंगाट वजा करता येतो, आणि पृथ्वीचं क्षेत्र शून्यावर आणायचीही गरज नसते.

तर भाचीला मी असं सांगितलं. पेशीबद्दलचा जीवशास्त्रीय प्रश्न वर्षभरात सोडवायचा असेल तर गुपचूप सुई धर. माणसांबरोबर, डॉक्टरांबरोबर काम करायचं असेल तर ओपीएम, पण आधी विचार, खोली आहे का? "येणार आहे" या उत्तरावर प्रोजेक्ट घेऊ नकोस. आणि उपकरण घडवण्यातच मजा वाटत असेल तर हिरा, फक्त प्रबंधाच्या नावात "चेतापेशी" लिहायची घाई नको. तारेतून नॅनोअँपिअरचा पल्स सोडून तो ओळखता आला तरी वर्ष सार्थकी लागलं. पुढची वाटही हिऱ्याला जवळची आहे: राष्ट्रीय क्वांटम मिशनचं सेन्सिंगचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे, तिथे कस्तुरी साहा यांचा गट याच हिऱ्यांवर काम करतो. आयसर पुण्याचं क्वांटम हब तर पाषाणलाच.

"आणि तुझ्या मते?" तिने विचारलं. मी कपाटातून जुना फ्लक्सगेट, म्हणजे चुंबकीय क्षेत्र नोंदणारा साधा सेन्सर, काढून दिला. म्हटलं, दोन्ही खोल्यांत एकेक रात्र ठेव आणि आलेख घेऊन ये. परवा आली. हेल्मेटवाल्या खोलीच्या आलेखात सकाळी सहापासून दर काही मिनिटांनी एक पायरी होती. लिफ्ट, ती म्हणाली, भिंतीच्या पलीकडेच आहे.